डोळ्यांना न दिसणारा शेजारी तारा

पावसाळा सरून आकाश निवळले, म्हणजे रायपूर शहराच्या दिव्यांपासून काही अंतर दूर जाऊन एखाद्या धानाच्या शेताच्या बांधावर उभे राहावे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड केले असता, क्षितिज आणि माथा यांच्या मध्याहून किंचित वर एक एकाकी, बऱ्यापैकी तेजस्वी तारा दिसतो. तिमिंगल नावाच्या तारकासमूहातील हा डेनेब केटॉस होय. हात लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. अशी दीड मूठ डावीकडे मोजली की दुसरा एक मंद, परंतु साध्या डोळ्यांनी सहज दिसणारा तारा सापडतो. त्याचे नाव टाऊ सेटी. आता या दोहोंना जोडणारी एक रेषा कल्पावी आणि तिच्या बहुतेक मध्यावर दृष्टी स्थिर करावी. तेथे काहीही दिसत नाही.

परंतु तेथे एक तारा आहे, आणि तो फार दूरचाही नाही. आपल्या सूर्याच्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांत त्याची गणना होते. त्याला ‘वाय झेड सेटी’ म्हणतात. तारकासमूहाच्या लॅटिन नावापूर्वी अशी दोन रोमन अक्षरे लावण्याची पद्धत ज्यांचे तेज कमीजास्त होते त्या ताऱ्यांसाठी आहे, म्हणजे नावातच या ताऱ्याचा एक गुण सांगितलेला आहे. २०२३ साली या ताऱ्याचे नाव एकाएकी वृत्तपत्रांत आले. त्याच्याकडून आलेल्या रेडिओ लहरी दोन ठिकाणी पकडण्यात आल्या होत्या. त्यांपैकी एक ठिकाण अमेरिकेत आणि दुसरे आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद या गावी. पृथ्वीएवढ्या एका परक्या ग्रहाला पृथ्वीसारखेच चुंबकक्षेत्र असावे, असे अनुमान त्या लहरींवरून काढण्यात आले. हे अनुमान कितपत भरवशाचे आहे, हे ठरवायचे तर आधी या मंद ताऱ्याविषयी आपल्याला काय काय ठाऊक आहे आणि ते कसे ठाऊक झाले, हे पाहणे प्राप्त आहे. कारण प्रकाशाच्या एका ठिपक्यापलीकडे आपल्या हाती काही नाही. त्या ठिपक्यातून थोड्याच गोष्टी मोजता येतात. बाकीच्या हिशेबाने काढाव्या लागतात.

पहिली मोजलेली गोष्ट म्हणजे तेज. ताऱ्यांचे तेज ‘प्रती’ने सांगतात, आणि प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद. साधा डोळा निर्मळ काळोखात सहाव्या प्रतीपर्यंत पोचतो. वाय झेड सेटीची प्रत १२ आहे. म्हणजे डोळ्याला दिसू शकणाऱ्या मंदात मंद ताऱ्यापेक्षा तो सुमारे अडीचशे पट फिका आहे. काळोख्या गावी सहा इंची दुर्बिणीतून तो दिसतो. मात्र त्याच्या आसपासच्या तशाच ठिपक्यांतून तो ओळखण्यासाठी तारकानकाशा जवळ बाळगावा लागतो.

परंतु मंद दिसणे आणि मंद असणे या भिन्न गोष्टी आहेत. दूरची मशाल जवळच्या पणतीहून फिकी दिसू शकते. म्हणून दुसरी मोजणी अंतराची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले असता जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पडद्यावर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला लंबन म्हणतात. वाय झेड सेटीचे लंबन ०.२६९ विकला आहे. हा कोन किती लहान? अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे १९ किलोमीटरांवरून पाहिले तर ते जेवढा कोन करील, तेवढा. युरोपच्या ‘गाया’ या अवकाशयानाने असे कोन त्याच्या सहस्रांशापेक्षाही अधिक सूक्ष्मतेने मोजले आहेत. त्यावरून अंतर निघते १२.१ प्रकाशवर्षे. या हिशेबात ताऱ्याच्या घडणीविषयी काहीच गृहीत धरलेले नाही, केवळ भूमिती आहे. म्हणून या ताऱ्याविषयीच्या सर्व आकड्यांत हा आकडा मला सर्वांत भक्कम वाटतो.

आता टाऊ सेटीकडे पुन्हा पाहावे. त्याचे अंतर ११.९ प्रकाशवर्षे, म्हणजे बहुतेक तेवढेच. एकाच अंतरावर ठेवलेल्या दोन दिव्यांत दिसणारा फरक हा खराच फरक असतो. टाऊ सेटीची प्रत ३.५ आणि वाय झेड सेटीची १२. हिशेब केला तर पहिला दुसऱ्याच्या सुमारे २६०० पट तेजस्वी ठरतो. आणि टाऊ सेटी काही थोर तारा नव्हे. दृश्य प्रकाशात तो आपल्या सूर्याच्या निम्म्याहूनही थोडा कमीच भरतो. सूर्याशी थेट तुलना केली तर वाय झेड सेटीचा दृश्य प्रकाश सूर्याच्या ५७०० व्या भागाएवढा आहे. हे दोघे तारे एकमेकांपासून अवघ्या १.६ प्रकाशवर्षांवर आहेत. टाऊ सेटीच्या भोवती कोणी पाहणारा असलाच, तरी त्याला हा सख्खा शेजारी साध्या डोळ्यांनी दिसणार नाही. उलट वाय झेड सेटीच्या आकाशात टाऊ सेटी आपल्या अगस्त्याच्या तोडीने झळकत असेल.

येथवर दृश्य प्रकाशाविषयी झाले. आता तिसरी मोजणी: वर्णपट. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा बारीक रेघांच्या जाळीतून पसरवला की रंगांचा पट्टा मिळतो, आणि त्या पट्ट्यावर काळ्या रेषा आढळतात. त्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान कसे वाचावे, याचा पाया १९२० साली मेघनाद साहांनी घातला. तापमान बदलले की त्याच मूलद्रव्यांच्या वेगळ्या रेषा उमटतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. वाय झेड सेटीच्या वर्णपटात बारीक रेषांऐवजी रुंद, काळे पट्टे दिसतात. ते टायटॅनियम ऑक्साइडचे आहेत. सूर्यासारख्या उष्ण ताऱ्यात हा रेणू टिकत नाही, त्याचे अणू विलग होतात. तो टिकला आहे, त्या अर्थी पृष्ठ तुलनेने थंड असले पाहिजे. आजच्या मोजणीनुसार ते सुमारे ३१५० केल्व्हिन आहे. सूर्याचे ५७७० च्या आसपास. अशा ताऱ्यांना ‘एम’ वर्गात घालतात.

एवढ्या थंड पृष्ठाचा परिणाम असा, की ताऱ्याची बहुतेक ऊर्जा तांबड्याच्या पलीकडे, अवरक्त किरणांत बाहेर पडते. लोहाराच्या भट्टीतील लोखंड लाल दिसू लागण्यापूर्वीच त्याची धग चेहऱ्याला लागते, तसे हे आहे. त्यामुळे सर्व प्रकारचे किरण एकत्र मोजले तर वाय झेड सेटीची तेजस्विता सूर्याच्या ५७०० वा नव्हे, सुमारे साडेचारशेवा भाग निघते. एकाच ताऱ्याविषयी हे दोन आकडे वेगवेगळ्या पुस्तकांत आढळून विद्यार्थी गोंधळतो. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आपल्या डोळ्याचा आहे आणि दुसरा ताऱ्याचा.

यानंतर मोजणी मागे पडते आणि हिशेब सुरू होतो. एका चौरस मीटर पृष्ठातून किती ऊर्जा निघते हे केवळ तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. तापमान सूर्याच्या ०.५४६ पट, त्याचा चौथा घात ०.०८९. म्हणजे या ताऱ्याचा प्रत्येक चौरस मीटर सूर्याच्या चौरस मीटरपेक्षा सुमारे ११ पट कमी ऊर्जा टाकतो. परंतु एकूण ऊर्जा साडेचारशे पट कमी आहे. तेव्हा राहिलेला फरक पृष्ठाच्या आकारामुळे असला पाहिजे: पृष्ठफळ सुमारे ४० पट कमी, आणि त्रिज्या त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ०.१५७ पट. किलोमीटरांत सांगायचे तर व्यास सुमारे २ लाख १८ हजार किलोमीटर. आपल्या गुरू ग्रहाचा व्यास १ लाख ४३ हजार आहे. म्हणजे तारा म्हणवणारी ही वस्तू आकाराने गुरूच्या दीडपटीहून फारशी मोठी नाही. नववीच्या विद्यार्थ्याने हा हिशेब पाटीवर करून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कोणीही कधी न पाहिलेल्या गोलाची त्रिज्या चार ओळींत निघते.

वस्तुमानाचे तसे नाही. एकट्या ताऱ्याला तराजूत घालता येत नाही. एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांची वस्तुमाने त्यांच्या फेऱ्यांवरून काढता येतात. अशा अनेक जोड्यांवरून ‘एवढे तेज तर एवढे वस्तुमान’ असा एक नियम बांधलेला आहे, आणि तो या एकट्या ताऱ्याला लावलेला आहे. उत्तर येते सूर्याच्या ०.१४२ पट, म्हणजे सातवा भाग. गुरूच्या दीडशे पट. एवढे द्रव्य गुरूच्या दीडपट व्यासात कोंबलेले असल्याने त्याची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे ५० पट भरते. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट आहे. हा ‘मंद’ तारा सोन्याच्या अडीच पट दाट वायूचा गोळा आहे!

अशा ताऱ्यांना आपल्या भाषेत ‘तांबडा बटू’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. भाषांतरकाराला हा शब्द वापरताना थोडे अवघडल्यासारखे होते. बटू म्हटले की अपवाद सूचित होतो. वस्तुतः आकाशगंगेतील बहुसंख्य तारे याच जातीचे आहेत, आणि त्यांपैकी एकही साध्या डोळ्यांना दिसत नाही. रात्री आपण जे आकाश पाहतो ते मोठ्या ताऱ्यांची निवडक सभा आहे, जनगणना नव्हे.

आणि हे तारे अपुरेही नाहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास डेन्मार्कचे हर्ट्झस्प्रुंग आणि अमेरिकेचे रसेल यांनी ताऱ्यांचे तापमान आडव्या व तेज उभ्या अक्षावर मांडले, तेव्हा बहुतेक तारे एका तिरप्या पट्ट्यात गोळा झाले. हा पट्टा म्हणजे ‘मुख्य क्रम’. पट्ट्यावर असणे याचा अर्थ एवढाच, की तारा आपल्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करून पोट भरीत आहे. सूर्य त्या पट्ट्याच्या मध्यभागी आहे. वाय झेड सेटी त्याच्या खालच्या टोकाकडे. दोघांचा धंदा एकच, फक्त उलाढाल निराळी. सूर्याच्या सातव्या भागाएवढे इंधन आणि साडेचारशेवा भाग खर्च, हे प्रमाण पाहिले की हा काटकसरी तारा किती टिकेल याचा अंदाज येतो. त्यात भर अशी, की एवढ्या लहान ताऱ्याचे अंतरंग कढईतल्या उकळत्या रसाप्रमाणे तळापासून पृष्ठापर्यंत सतत घुसळत असते, त्यामुळे बाहेरचा हायड्रोजनही गाभ्यात पोचतो व वापरला जातो. सूर्याला ही सोय नाही. म्हणून अशा ताऱ्याचे आयुष्य काही लक्ष कोटी वर्षांच्या हिशेबात सांगतात. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे या जातीचा कोणताही तारा अजून म्हातारा होऊन मेलेला नाही.

इतका शांत संसार असूनही या ताऱ्याला अधूनमधून भडका उडवण्याची खोड आहे. त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा काळ्या नसून तेजस्वी आढळतात, हे पृष्ठावरच्या अस्वस्थतेचे लक्षण. अंतरंगातील घुसळणीने चुंबकक्षेत्र निर्माण होते, त्याच्या रेषा पिळवटतात, तुटतात, पुन्हा जुळतात, आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत बाहेर पडते. अशा भडकणाऱ्या ताऱ्यांचा नमुना म्हणून जो तारा सांगितला जातो, तो यूव्ही सेटीही याच तिमिंगलात आहे. त्याचा भडका १९४८ साली नोंदला गेला. वाय झेड सेटी स्वतःभोवती फार संथ, सुमारे ६८ दिवसांत एक, अशी फेरी घेतो. संथ फिरणारे तारे सामान्यतः थंडावलेले असतात. हा भडकतो, ही त्याची विशेषता.

वर्णपटातून आणखी एक गोष्ट मोजता येते: वेग. तारा आपल्यापासून दूर जात असेल तर सर्व रेषा किंचित तांबड्याकडे सरकतात. वाय झेड सेटी सेकंदाला सुमारे २८ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. शिवाय तो आकाशात आडवाही सरकतो आहे, वर्षाला १.३६ विकला, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढे सरकायला त्याला सुमारे १४०० वर्षे लागतील. परंतु खरी मौज त्या दूर जाण्याच्या वेगात आहे. तो अगदी स्थिर नाही. तो सेकंदाला एक ते दोन मीटरने, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीएवढ्या फरकाने, कमीजास्त होतो. चिलीतील ला सिया येथील ३.६ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या ‘हार्प्स’ या यंत्राने हा फरक टिपला, आणि २०१७ साली निकोला अस्तुदिल्लो-देफ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की या ताऱ्याभोवती तीन ग्रह फिरतात. ग्रह ताऱ्याला हलकेच ओढतो, तारा डोलतो, आणि तो डोल वर्णपटात उमटतो. फेऱ्यांचा काळ त्यांनी दिला तो १.९७, ३.०६ आणि ४.६६ दिवस.

यांतला पहिला आकडा चुकीचा होता. चूक कशी झाली हे समजून घेण्याजोगे आहे, कारण ती निष्काळजीपणाची चूक नव्हे.

चित्रपटात धावणाऱ्या टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते. कॅमेरा सलग पाहत नाही, ठराविक अंतराने चित्रे घेतो; दोन चित्रांच्या दरम्यान चाक किती फिरले हे त्याला कळत नाही. ताऱ्याची निरीक्षणेही अशीच होतात. तारा दक्षिणोत्तर रेषेवर आला की तो सर्वांत स्वच्छ दिसतो, म्हणून निरीक्षक बहुधा त्याच सुमारास वर्णपट घेतो. तारा पुन्हा त्या जागी येण्यास २४ तास नव्हे, २३ तास ५६ मिनिटे लागतात. एवढ्या काळात १.९७ दिवसांचा ग्रह अर्ध्या फेरीहून किंचित जास्त जातो, आणि २.०२ दिवसांचा ग्रह अर्ध्या फेरीहून नेमका तेवढाच कमी. एक जणू पुढे चालला आहे आणि दुसरा मागे. परंतु वर्णपट फक्त आपल्या दिशेचा वेग सांगतो. पुढे आणि मागे यांतला भेद त्याला दिसत नाही. रोज एकाच प्रहरी पाहणाऱ्याला हे दोन्ही ग्रह सारखेच वाटतात. २०१८ साली ही शंका उपस्थित झाली. पुढे स्पेनमधील कालार आल्तो येथील ‘कार्मेनेस’ यंत्राची निरीक्षणे मिळवून २०२० साली निश्चित करण्यात आले की खरा काळ २.०२ दिवस आहे.

फरक अवघा सव्वा तासाचा. त्याने काय बिघडले असते, ते पुढे येईलच.

या आतल्या ग्रहाला ‘बी’ म्हणतात. त्याचे ताऱ्यापासूनचे अंतर सुमारे २४ लाख किलोमीटर. आपला बुध सूर्यापासून याच्या २४ पट दूर आहे. ग्रहाचे वस्तुमान निदान पृथ्वीच्या ०.७ पट असावे. ‘निदान’ म्हणण्याचे कारण असे की कक्षा आपल्या दृष्टीला किती तिरपी आहे हे डोलावरून समजत नाही, आणि तिरपेपणा जितका जास्त तितका ग्रह हिशेबापेक्षा जड. शिवाय ताऱ्याचे वस्तुमान ज्या उसन्या नियमावरून काढले, तो नियमही या आकड्यात मुरलेला आहे. ताऱ्याच्या मंदपणामुळे हा ग्रह जळून जात नाही इतकेच. तरी पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्याच्या आठपट ऊर्जा त्याच्यावर पडते. बाहेरच्या तिसऱ्या ग्रहावरही पृथ्वीच्या सुमारे पावणेतीन पट पडते. त्यांवर पाणी वाहत असेल अशी कल्पना करण्यात अर्थ नाही. मग त्यांच्याविषयी एवढी उत्सुकता का? कारण ग्रहाला चुंबकक्षेत्र असणे ही ग्रहाच्या वातावरणाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. ताऱ्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांना पृथ्वीचे क्षेत्र वळवून लावते. भडकणाऱ्या ताऱ्याजवळच्या ग्रहाला असे कवच असते की नाही, हे कळले तर अशा असंख्य ताऱ्यांच्या परिवारांविषयी काही बोलता येईल.

बारा प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचे चुंबकक्षेत्र कसे ओळखावे? यासाठी गुरूकडे वळावे लागते. गुरूकडून रेडिओ लहरी येतात हे १९५५ साली ध्यानात आले, आणि १९६४ साली ऑस्ट्रेलियातील बिग यांनी दाखवले की त्या लहरींचे झोत गुरूच्या आयो या उपग्रहाच्या जागेवर अवलंबून असतात. आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फिरतो आणि फिरताना गुरूच्या चुंबकक्षेत्रात ढवळाढवळ करतो. तेथून विद्युत्कण क्षेत्ररेषांवरून गुरूकडे धावतात आणि गिरक्या घेताना रेडिओ लहरी सोडतात. या गिरक्यांची गती सरळ क्षेत्राच्या बळावर ठरते: प्रत्येक गाउसमागे सेकंदाला २८ लक्ष. म्हणून लहरींची कंपनसंख्या मोजली की त्या जागेचे क्षेत्र कळते. या लहरींना आणखी एक ओळख असते. त्यांचे कंपन मळसूत्राप्रमाणे एकाच दिशेने फिरते, ज्याला वर्तुळ ध्रुवण म्हणतात. गुरूच्या जागी तारा आणि आयोच्या जागी ग्रह कल्पिला, की वाय झेड सेटीकडून काय अपेक्षित आहे ते स्पष्ट होते: ग्रह आपल्या फेरीत ठराविक जागी आला असता, विशेष ध्रुवण असलेले रेडिओ झोत.

असे झोत पकडण्यासाठी खोडदची दुर्बीण सोयीची आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; १४ एका सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर पसरलेल्या. नारायणगावाकडून जाताना द्राक्षबागांमागे त्या दिसू लागतात, तेव्हा त्यांच्यातून पलीकडचे आकाश दिसते याचे नवख्याला नवल वाटते. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. ज्या लहरी पकडायच्या त्यांची लांबी जाळीच्या छिद्रांहून कितीतरी मोठी असल्याने त्यांना जाळी भिंतीसारखीच भासते, आणि वारा मात्र आरपार जातो. एवढ्या मोठ्या तबकड्या एवढ्या कमी खर्चात उभ्या राहिल्या त्या या युक्तीमुळे.

इटलीतील कातानिया येथील कोर्रादो त्रिजिल्यो आणि त्यांच्या भारतीय व इतर सहकाऱ्यांनी या दुर्बिणीतून वाय झेड सेटीवर पाच महिन्यांत नऊ वेळा नजर ठेवली. कंपनसंख्या ५५० ते ९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरींची लांबी साधारण ३३ ते ५४ सेंटिमीटर. नऊपैकी चार वेळा ताऱ्याकडून लहरी आल्या, आणि त्यांपैकी दोनदा त्यांत वर्तुळ ध्रुवण मोठ्या प्रमाणात होते. त्याच वर्षी अमेरिकेत पिनेडा आणि व्हिलाडसेन यांनी न्यू मेक्सिकोतील दुर्बीणसमूहाने त्याहून अधिक कंपनसंख्येचे, २ ते ४ गिगाहर्ट्झचे झोत पकडल्याचे प्रसिद्ध केले. दोन्ही गटांनी झोतांच्या वेळा ‘बी’ ग्रहाच्या फेरीशी ताडून पाहिल्या, आणि दोघांनाही त्या फेरीच्या विशिष्ट भागांत जुळताना आढळल्या.

सव्वा तासाचा फरक महत्त्वाचा ठरतो तो येथे. फेरीचा काळ १.९७ दिवस धरला असता, तर प्रत्येक फेरीत सव्वा तास याप्रमाणे ४० फेऱ्यांत, म्हणजे ८० दिवसांत, हिशेब एका संपूर्ण फेरीने चुकला असता. पाच महिन्यांच्या निरीक्षणांत ग्रह कोठे होता हे कोणालाच सांगता आले नसते, आणि झोतांच्या वेळा फेरीशी जुळतात की नाही हा प्रश्नच निरर्थक झाला असता.

खोडदच्या निरीक्षणांवरून त्रिजिल्यो यांच्या गटाने दोन आकडे काढले. ताऱ्याचे चुंबकक्षेत्र सुमारे २४०० गाउस, म्हणजे सूर्यावरील मोठ्या डागांत जेवढे आढळते त्या तोडीचे. आणि ग्रहाचे क्षेत्र ध्रुवापाशी निदान ०.४ गाउस. पृथ्वीच्या पृष्ठावर ते जागोजागी सुमारे पाव ते पाऊण गाउसच्या दरम्यान असते. वृत्तपत्रांनी हा दुसरा आकडा उचलला व ‘दुसऱ्या पृथ्वीला कवच’ अशा मथळ्यांची भर घातली. आपण मात्र तो आकडा कोणत्या पायऱ्यांवरून चढत आला हे पाहावे. कंपनसंख्या आणि ध्रुवण मोजलेले आहे. ताऱ्याचे क्षेत्र प्रतिकृतीवरून काढलेले आहे. ग्रहाचे क्षेत्र त्या प्रतिकृतीवर आणखी एक प्रतिकृती रचून काढलेले आहे. आणि या सर्वांच्या खाली एक गृहीत आहे: झोत ग्रहामुळेच आले, ताऱ्याच्या स्वतःच्या खोडीमुळे नव्हे.

त्या गृहीताविषयी दोन्ही गटांची भाषा एकसारखी नाही. त्रिजिल्यो यांच्या गटाने संभाव्यतेच्या गणिताने स्वैर भडक्यांची शक्यता बाद ठरवली आणि हा ताऱ्या-ग्रहातील देवघेवीचा पक्का पुरावा मानला. पिनेडा व व्हिलाडसेन यांनी त्याला केवळ ‘संभाव्य’ म्हटले. भडकणारा तारा आपल्या आपणही ध्रुवण असलेले झोत सोडू शकतो, आणि मोजक्या झोतांच्या वेळा योगायोगानेही जुळू शकतात, असा त्यांचा विचार. मला दुसरी भाषा अधिक समंजस वाटते. याचा अर्थ पहिला गट चुकला असा मात्र नव्हे. निकाल लागण्यासाठी नवे काही शोधून काढायचे नाही. त्याच जागी, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा पाहावयाचे आहे. ‘बी’ ग्रहाच्या वर्षाला सुमारे १८० फेऱ्या होतात. खोडदच्या त्या पाहणीत दुर्बीण त्याच्याकडे वळली होती ती नऊ वेळा.